गुडघ्यापुढची जागा

३ फेब्रुवारी

ही मापवही अर्धी कोरी पडली आहे. पूर्वी एक वही सहा महिनेसुद्धा पुरायची नाही. आता लोक तयार कपडे घेतात आणि माझ्याकडे फक्त पँट आखूड करून घ्यायला येतात. सदतीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाने दुसऱ्याच्या शिवलेल्या पँटी कापत बसायचं. असो. कोरी पानं वाया जाऊ नयेत म्हणून लिहायला घेतलं. दुसरं कारण म्हणजे घरात आम्ही दोघंच, आणि हिच्याशी बोलायला गेलं की उत्तर एका शब्दात येतं.

आज लेकीचा फोन आला. दोघांनी मार्चमध्ये तिच्याकडे तीन महिने राहायला यायचं आहे. चौदा तासांचं विमान. तिकिटं ती पाठवणार, ते ठीक, हट्टच तिचा आहे. पण वर म्हणते, "बाबा, आईसाठी पुढे जास्त जागा असलेली सीट घ्या. थोडे पैसे वेगळे पडतात, तेही आम्ही भरतो. तिचा गुडघा इतके तास दुमडून राहायचा नाही."

मी म्हटलं, "जावयाच्या पैशाने पाय पसरायची वेळ अजून आली नाही आमच्यावर. ती सीट मी घेईन."

फोन स्पीकरवर होता. ही टेबलामागे तिच्या स्टुलावर बसून एका कोटाची काजं करत होती. तिने मान वर केली नाही, की सुई थांबवली नाही.

७ फेब्रुवारी

तिकीटवाल्याकडे जाऊन आलो. त्याने संगणकावर विमानाचा नकाशा दाखवला. साधी सीट, पाठीपासून पुढच्या पाठीपर्यंत एकतीस इंच. इंचाची भाषा मला कळते. एकतीस इंचांत माझ्यासारखा सहा फूट एक इंचाचा माणूस बसवायचा म्हणजे बाही तोकडी कापून वर काखेतला मुंढा घट्ट करण्यासारखं आहे. मला आयुष्यभर पाय आखडून बसायचा तिटकारा. दुकान घेतलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी कापायचं टेबल मागे सरकवून घेतलं होतं, नाहीतर मशीनवर पाय मावत नसत.

जास्त जागा दोन ठिकाणी आहे. एक, अगदी पहिल्या ओळीत. तिचे पैसे ऐकून मी खुर्चीतून उठलोच. दुसरी, संकटकाळच्या दाराजवळ. अडतीस इंच आणि भाव बराच कमी.

तिकीटवाला म्हणाला, "दाराजवळ बसायला एक अट आहे, काका. माणूस धडधाकट लागतो. काठी, गुडघा, असलं काही चालत नाही. वेळ आली तर दार उघडावं लागतं. काकूंना कसं आहे?"

मी म्हटलं, "तिला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे."

हिच्यासाठी दाराजवळची घेतली आणि माझ्यासाठी मागची साधी. तिकीटवाला म्हणाला, बायकोवर जीव आहे तुमचा. खरं लिहायचं तर मनात हेही आलं होतं की चौदा तासांत तीही उठेल, फिरेल, तेव्हा थोडा वेळ अदलाबदल करता येईल. यात वाईट काय आहे ते मला कळत नाही, पण तिकीटवाल्याला सांगितलं नाही एवढं खरं.

१२ फेब्रुवारी

दुकान बंद केल्यावर हिच्याकडून चालण्याची तालीम करून घेतली. दारापासून टेबलापर्यंत, काठीशिवाय. विमानतळावर कोणाच्या नजरेत यायला नको. काठी घडीची आहे, बॅगेत जाईल. गुडघ्याचा पट्टा कपड्याच्या आत दिसत नाही, मी लांबून पाहून खात्री केली. फक्त चौथ्या पावलाला तिचा खांदा उजवीकडे पडतो.

"खांदा सरळ ठेव," मी म्हटलं. "आणि चेहरा थोडा हसरा."

"पैसे भरलेत ना आपण?"

"भरलेत."

"मग चालून कशाला दाखवायचं?"

मी तिला अट समजावून सांगितली. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ज्याचा गुडघा दुखतो त्याने त्या सीटवर बसायचं नाही?"

"नाही."

"मग ती कोणासाठी असते?"

"धडधाकट माणसांसाठी."

ती हसली. चांगली पोट धरून हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पण हसता हसता ती सहा पावलं सरळ चालली, म्हणून मी तिला हसू दिलं.

१९ फेब्रुवारी

हिने दिवसभर बटणांचे डबे साफ केले आणि प्रत्येक डब्यावर कागद चिकटवले. "शर्ट पांढरी." "कोट मोठी." "हूक." "सुया बारीक, डावीकडे." एका डब्यावर तर "तुमचा चष्मा इथे ठेवत जा."

मी म्हटलं, "आपण दोघंही जातोय. दुकानाला कुलूप असणार. लेबलं काय उंदरांसाठी लावतेस?"

"असू द्यात," ती म्हणाली.

अक्षर तिचं छान आहे. हे मी विसरलो होतो.

२६ फेब्रुवारी

सामान भरून झालं. माझी एक बॅग, हिच्या दोन. तीन महिन्यांना एवढं सामान! उन्हाळ्याचे कपडे, थंडीचे कपडे, डॉक्टरांचे जुने कागद, तिच्या आईचा फोटो, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. अंगुस्तान कशाला, विचारलं तर म्हणाली, बोटाला सवय आहे. बायकांना सामान भरायला लावणं म्हणजे घरच हलवणं.

दुसरी गोष्ट. दुकानातलं तिचं बसायचं स्टूल तिने शेजारच्या औषधवाल्याला देऊन टाकलं. त्याच्याकडे गिऱ्हाइकाला बसायला काही नाही म्हणे. मी म्हटलं, परत आल्यावर कशावर बसणार आहेस? तर म्हणाली, "बघू."

नवीन करून घेऊ सुताराकडून. ते जुनं डुगडुगतच होतं.

४ मार्च, विमानात

अक्षर वाकडं येतंय, विमानाने नाही, संतापाने.

विमानतळावर सगळं मापात बसलं. ही काठीशिवाय चालली. खांदा एकदा-दोनदाच पडला. रांग मोठी होती, पाऊण तास उभं राहावं लागलं, पण चेहरा हसरा ठेवला. मी मागून "शाबास" म्हटलंसुद्धा. तिच्या कपाळावर घाम होता, तो मी कोणाला दिसू नये म्हणून रुमालाने पुसला.

विमानात तिला दाराजवळ बसवलं. खरोखर ऐसपैस जागा. तिचे पाय पुरते सरळ झाले तरी पुढे वीतभर उरत होतं. मी तीन ओळी मागे मधल्या सीटवर, दोन्ही बाजूंना माणसं, गुडघे पुढच्याच्या पाठीत. म्हटलं चला, बायकोसाठी सोसायचं. तेवढ्यात हवाई सुंदरी आली आणि दाराजवळच्या प्रत्येकाला विचारू लागली. मी उठून पुढे गेलो, कारण हिला काय बोलावं ते सुचत नाही.

"संकट आलं तर दार उघडायला मदत कराल ना?"

मी म्हटलं, "करेल ना. का नाही करणार?"

"त्यांना स्वतःला सांगू द्या," सुंदरी म्हणाली.

हिने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहून स्पष्ट आवाजात म्हणाली, "नाही जमणार. माझा गुडघा गेलेला आहे. काठी बॅगेत आहे, यांनी ठेवायला लावली."

आजूबाजूच्या दहा-बारा लोकांनी ऐकलं. माझं तोंड एवढंसं झालं. छत्तीस वर्षांच्या संसारात हिने कधी चारचौघांत माझा शब्द खाली पाडला नाही, आणि पाडायला ही जागा सापडली. मला राग त्याचा नाही आला की सीट गेली. राग याचा आला की तिने ते शांतपणे सांगितलं, जणू कधीपासून पाठ करून ठेवलं होतं.

सुंदरीने तिला माझ्या जागेवर नेलं. दाराजवळ कोणीतरी धडधाकट हवंच होतं. मला विचारलं. मी हो म्हटलं. नाही म्हणून काय साधलं असतं?

नंतर, तिथूनच

मगाशी मागे वळून पाहिलं. हिच्या शेजारच्या एका जाडजूड बाईने आपली कडेची सीट तिला दिली आहे आणि स्वतः मधे कोंबून बसली आहे. हिचा पाय वाटेत बाहेर काढलेला आहे. खाण्याची गाडी आली की ती हाताने उचलून पाय आत घेते, गाडी गेली की हाताने उचलून बाहेर. लोकांना मोठेपणा मिरवायला फार आवडतं. त्या बाईने सीट दिली म्हणून आता मीच वाईट दिसणार.

पहिला तास मला अपराध्यासारखं वाटलं. मग झोप लागली. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, झोप छान लागली.

५ मार्च

उतरताना हिला उठताच येईना. चाकाची खुर्ची आणावी लागली. गुडघा लहान कलिंगडाएवढा सुजला होता. लेकीने बाहेर आम्हाला पाहिलं ते असं: आई चाकाच्या खुर्चीत, ढकलणारा विमानतळाचा माणूस, आणि मागून मी, ताजातवाना, हातात हिची पर्स.

घरी पोचल्यावर लेकीने विचारलं, "आईला ती सीट मिळाली होती ना?"

मी सगळं सांगितलं. अट, सुंदरी, सगळं. लपवण्यासारखं काही नव्हतंच.

"आणि तिथे तुम्ही बसलात? चौदा तास?"

"नियमच तसा आहे."

"नियमाने आईला तिथून उठवलं, बाबा. तुम्हाला नाही बसवलं."

जावई चहा करायला आत गेला. शहाणा माणूस आहे. चहा व्हायला त्याला अर्धा तास लागला.

१६ मार्च

मला इथे काही काम नाही. लेकीच्या घरातले पडदे दोन बोटं लांब आहेत, जमिनीवर लोळतात. शिवून देतो म्हटलं तर लेक म्हणाली, असेच हवेत. जावयाच्या कोटाचा डावा खांदा उतरतो. तेही तसंच हवं असेल.

ही दिवसभर मोठ्या कोचावर पाय लांब करून बसते. समोर खिडकी. लेक येता-जाता तिच्या पायाखाली उशी सरकवते. काल दोघी हसत होत्या, मी आलो तशा थांबल्या.

२९ मार्च

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चित्र दाखवलं. दोन हाडांच्या मधे जी गादी असते ती उरलेलीच नाही, हाडावर हाड घासतंय. दोन्ही गुडघे बदलावे लागतील. मग त्यांनी विचारलं, काम काय करायच्या, बसायच्या कशा?

लेकीने मधे राहून भाषांतर केलं. ही म्हणाली, "बैठ्या स्टुलावर. पाय दुमडून. पुढे टेबल, मागे भिंत."

"किती जागा असायची?"

हिने दोन्ही हात समोर धरून दाखवलं. तेवढ्यात मांजरसुद्धा बसणार नाही. मी म्हटलं, "काहीतरीच. अडीच फूट तरी होती. मी शिंपी आहे, मला नजरेने माप कळतं."

"टेप तुमच्या गळ्यात असायचा," ही म्हणाली. "तिथे कधी घातला नाहीत."

लेकीने हे वाक्य काही डॉक्टरांना सांगितलं नाही. पण तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

परतताना मी विषय काढला. म्हटलं, जागा कमी पडत होती तर बोलायचं होतंस. ही म्हणाली, "बोलले होते." कधी, विचारलं, तर खिडकीबाहेर बघत बसली. मला तरी आठवत नाही. ती बोलली असती तर मला आठवलं असतं.

११ मे

एक काम मी कोणाला न सांगता केलं. परतीच्या प्रवासासाठी पहिल्या ओळीतल्या दोन सीट घेतल्या. एक हिला, एक मला. तिथे काठी चालते, गुडघा चालतो, कोणी काही विचारत नाही. भाव ऐकून या वेळी उठलो नाही. रद्द केल्या तर पैसे परत नाहीत, असं फोनवरच्या बाईने तीनदा बजावलं. मी म्हटलं, रद्द कशाला होतात?

वाढदिवसाच्या पोरासारखं वाटतंय. या वयात हे बरं नाही.

१२ मे

जेवताना सांगितलं. जावई म्हणाला, वा. लेकीने हिच्याकडे पाहिलं. हिने पोळीचा तुकडा तसाच ताटात ठेवला.

"छान केलंत," ती म्हणाली. "पण मी येत नाहीये."

"म्हणजे?"

"जूनमध्ये एक गुडघा, मग तीन महिन्यांनी दुसरा. सगळं इथेच होणार आहे."

"आणि नंतर?"

"बघू."

हा "बघू" मी याआधी ऐकला आहे. कुठे ते लगेच आठवलं. स्टूल देऊन टाकलं तेव्हा. म्हणजे तेव्हापासून ठरलेलं होतं. लेबलं, थंडीचे कपडे, आईचा फोटो, सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मी खांदा सरळ ठेव म्हणत होतो. आणि मीच तिला काठीशिवाय चालवून इथवर आणून पोचवलं.

फार बोललो. काय काय बोललो ते लिहीत नाही. एवढंच लिहितो की शेवटी मी विचारलं, "मग दुकानात काजं कोण करणार?" हे विचारायला नको होतं, असं लेकीच्या चेहऱ्यावरून वाटलं. हिला मात्र काही वाटलेलं दिसलं नाही. ती म्हणाली, "सुया बारीक, डावीकडे."

३ जून, विमानात

पहिली ओळ. पुढे भिंत, पण लांब. पाय पूर्ण पसरून बुटांची टोकं भिंतीला लागत नाहीत.

बाजूची सीट रिकामी. सुंदरीने यादी पाहिली आणि विचारलं, सोबतच्या बाई? मी म्हटलं, नाही आल्या. थोड्या वेळाने मागून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. जागा रिकामी असेल तर बसू का, म्हणाले. मी म्हटलं, ती बायकोची आहे. ते म्हणाले, अच्छा, आणि बायको येईपर्यंत वाट बघणाऱ्या माणसासारखे थोडा वेळ उभे राहिले. मग गेले.

बसू द्यायला हवं होतं. पण मी त्यांना परत बोलावलं नाही.

झोप लागली नाही.

५ जून

पोचल्याचा फोन केला. लेकीने हिच्याकडे दिला.

"पाय नीट पसरता आले ना?" तिने विचारलं.

टोमणा होता की काळजी, ते आवाजावरून ठरवता आलं नाही. छत्तीस वर्षांनी एवढं तरी यायला हवं होतं. मी हो म्हटलं.

१८ जून

आज हिची शस्त्रक्रिया झाली. नीट झाली, असा जावयाचा निरोप आला. फोनजवळ बसून होतो, त्यामुळे दुकान दुपारी उघडलं.

एक कोट पुरा करायचा आहे. काजं मीच करतोय. वेडीवाकडी होतात. बटण "कोट मोठी" या डब्यात मिळालं, चष्मा "तुमचा चष्मा इथे" या डब्यात. सुई मात्र हातातून निसटली आणि टेबलामागे गेली, हिच्या जागेत. मी उभा वाकलो तर हात पोचेना. तेव्हा आडवं होऊन आत शिरलो.

फरशीवर टेबलाच्या पायांचे जुने डाग आहेत. मागचे दोन पाय पूर्वी होते तिथे, गोल, काळपट. ते आजच्या पायांपासून नऊ इंच लांब आहेत. मी टेबल भिंतीकडे नऊ इंच ढकललं होतं. आता आठवतं, त्या दिवशी ही म्हणाली होती, "मला जरा अडचण होईल." मी म्हटलं होतं, "तू बारीक आहेस, मावशील." बोलली होती म्हणजे.

टेप गळ्यातच होता. भिंतीपासून टेबलापर्यंत सतरा इंच. दोनदा मोजलं. विमानाच्या साध्या सीटची तक्रार मी एकतीस इंचांना केली होती.

तिथे बसून पाहिलं. स्टूल नाही, फरशीवरच बसलो. गुडघे छातीला लागले. समोर टेबलाखालून मशीनकडची बाजू दिसते. माझे पाय जिथे असतात ती. मोकळी, लख्ख, लोळावं एवढी जागा.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "आहे का कोणी?" मी "आलो, आलो" म्हटलं आणि उठायला गेलो तर उठता येईना. हाताला धरायला टेबलाच्या मागच्या कडेशिवाय काही नाही. ती धरली. त्या जागी, बरोबर चार बोटं बसतील एवढी कड झिजून काचेसारखी गुळगुळीत झालेली आहे. हे टेबल मी रोज पुसतो. वरून पुसतो.

गिऱ्हाइकाने आणखी एकदा हाक मारली आणि ते निघून गेलं.

बऱ्याच वेळाने बाहेर आलो. मग ही वही घेऊन मापाचं नवीन पान काढलं. इतक्या वर्षांत सगळ्या गावाची मापं घेतली, हिचं पान एकाही वहीत नाही. नावाच्या जागी तिचं नाव लिहिलं. माप लिहिलं, सतरा इंच. खाली तारीख टाकायची असते, तिथे थांबलो. आजची तारीख टाकता येईना. हे माप पस्तीस वर्षांपूर्वीच घ्यायचं होतं.